वसंतरावांची वाटणी

आमच्या कोकणात दोघा भावांचे पटेनासे झाले की घराच्या मधोमध कूड उभा राहतो. चूल एकाची, माजघर दुसऱ्याचे आणि परसातला फणस दोघांचा. फणस पिकला की मग कोर्टाची पायरी. असल्या वाटण्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या दोन कादंबऱ्यांचे पोट त्यांच्यावरच भरले. पण मेलेल्या गवयाची वाटणी मी आत्ताच पाहतो आहे. वाटणी मागणारे त्याचे वैरी असते तर लेखणी उचलण्याचे मला कारण नव्हते. ते त्याचे भक्त आहेत, म्हणून हा खटाटोप.

गवई म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. ३० जुलै १९८३ रोजी ते गेले. २०२२ साली 'मी वसंतराव' हा चित्रपट निघाला. निपुण धर्माधिकारी यांनी तो दिग्दर्शित केला आणि आजोबांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनीच केली. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत तोवर वसंतराव म्हणजे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात शेवटी टाळ्या घेणारे एक नाव होते. चित्रपट पाहून आल्यावर तरुण शिक्षकांना त्या नावामागचा माणूस सापडला, आणि माणूस सापडल्यावर ते त्याची गाणी धुंडाळू लागले. हाती काय लागले? ताना नव्हेत, भावगीते! वा. रा. कांतांचे, खळ्यांनी चाल बांधलेले 'बगळ्यांची माळ'. कवी अनिलांचे, यशवंत देवांच्या चालीतले 'कुणी जाल का'. 'अष्टविनायक' चित्रपटातले 'दाटून कंठ येतो'. मधल्या सुट्टीत ही गाणी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाऊ लागली. गणिताच्या बाई डबा उघडा टाकून ऐकत बसल्या. मला आनंद झाला. का होऊ नये? ही गाणी मी लहानपणी पणजी आकाशवाणीवर, वडिलांच्या ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकली आहेत.

पण आनंदाच्या पाठोपाठ एक वाक्य आले. 'हे खरे वसंतराव! ते तानांचे फटाके म्हणजे नुसता देखावा हो.' पहिल्यांदा ऐकले तेव्हा हसून सोडून दिले. मग एका लग्नात ऐकले. आणि गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत, व्यासपीठावरून, शाल पांघरलेल्या वक्त्यांच्या तोंडून ऐकले. वर टाळ्याही पडल्या. वक्ते म्हणाले की वसंतरावांचा खरा आत्मा या हळव्या गाण्यांत आहे आणि रंगभूमीने त्यांना उगाच ओरडायला लावले. ओरडायला! हा शब्द ज्या जिभेने उच्चारला तिला माझा साष्टांग नमस्कार.

याच्या उलट दुसरा पक्ष. तो आमच्या भागात जास्त, कारण दोडामार्गची वेस ओलांडली की गोवा. मंगेशी हे दीनानाथांचे गाव, केरी केसरबाईंचे. इकडच्या जुन्या रसिकाला गाणे म्हणजे छातीचा भाता लागतो. तो सांगतो, 'भावगीते वसंतरावांनी मित्रांच्या भिडेखातर म्हटली. खरे वसंतराव मारव्यात आणि खाँसाहेबांत. बाकी किरकोळ.' म्हणजे एकाने चूल घेतली, दुसऱ्याने माजघर. फणस बिचारा उभाच.

मी मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर आहे. कॉलेजचे तोंड पाहिले नाही आणि गाण्यातले शास्त्र मला येत नाही. म्हणून जे कोणालाही पडताळून पाहता येईल तेवढेच बोलतो.

वसंतराव २ मे १९२० रोजी वऱ्हाडात मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटात ते बाळकृष्ण झाले. दीनानाथांच्या गाण्याने त्यांना झपाटले ते कायमचे. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे शिकले. पण पोटासाठी काय केले? सैन्याच्या हिशेबखात्यात वीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी. ज्या गळ्यासाठी आज दोन तट पडले आहेत, तो गळा आम्ही इतकी वर्षे आकडेमोडीला जुंपून ठेवला होता, आणि त्याला सुटी मिळाली की विचारीत होतो, 'बुवा, तुमचे घराणे कोणते?' जिवंतपणी घराणे विचारले, मेल्यावर विचारतो, खरा अर्धा कोणता. प्रश्न विचारण्याची आमची हौस काही फिटत नाही.

१९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव. खाँसाहेब हा मत्सराने पेटलेला गवई आहे. त्याने 'तेजोनिधी' काय कुजबुजत म्हणायचे? भूमिका जिंकण्याची होती म्हणून ते जिंकण्यासाठी गायले. सुराच्या मागे मागे चालणे त्यांना ठाऊक नव्हते. ते पुढून जाऊन त्याचे शिंग धरीत. नाटक इतके गाजले की खाँसाहेबांचा अहंकार लोकांनी वसंतरावांच्या गळ्याला चिकटवून टाकला. दोष असलाच तर तो आमच्या कानांचा.

बरे, हळुवारपणा त्यांना म्हातारपणी, पश्चात्ताप म्हणून सुचला म्हणावे तर तेही खरे नाही. पु. ल. देशपांड्यांचा 'गुळाचा गणपती' १९५३ चा. त्यात भीमसेन जोशी आहेत तसा वसंतरावांचाही आवाज आहे, आणि तो तलवार परजीत आलेला नाही. 'कट्यार' त्यानंतर चौदा वर्षांनी. आणि 'अष्टविनायक' १९७९ चा, राजदत्तांचा. त्यात लेकीला सासरी धाडणारा बाप वसंतरावांनी स्वतः उभा केला आहे. (जावई झालेल्या सचिन यांनी पुढे २०१५ च्या 'कट्यार' चित्रपटात खाँसाहेब साकारले. वाटणी करणाऱ्यांनी हा धागा कोणाच्या हिश्शात घालायचा ते ठरवावे.) ताना आणि हुंदका एकाच घरात, एकाच वेळी नांदत होते. मध्ये कूड नव्हता.

आता 'कुणी जाल का' घ्या. कवी अनिल हेही मूर्तिजापूरचेच. एका गावाच्या मातीतले दोन देशपांडे, एकाचे शब्द आणि एकाचा गळा. गाण्यात मागणे काय आहे? रात्रीच्या वेळी गाणाऱ्या कोकिळेला कुणीतरी जाऊन समजवा, की आता गाऊ नको, गळा उघडू नको, ऐकवत नाही. वाचकहो, हे मागणे कोण मागतो आहे? महाराष्ट्रात ज्याने गळा सर्वांत बेदरकारपणे उघडला, तो! ज्याच्या तानेपुढे पेटीवाल्याला घाम फुटावा, तो माणूस आवाज इतका खाली उतरवून, जवळजवळ कानाशी येऊन, दुसऱ्या गाणाऱ्याला 'गप्प राहा' म्हणून विनवतो आहे. एखाद्या जन्मजात नाजूक गळ्याने हे म्हटले असते तर गोड वाटले असते, इतकेच. इथे काळजात कळ उठते, कारण हा मनात आणील तर आत्ता या क्षणी छप्पर उडवू शकेल हे आपल्याला माहीत असते, आणि तो उडवीत नाही. नीट ऐका. ओळीच्या शेवटी एक बारीकशी हरकत येते, चमकते आणि लगेच मिटते. ती 'कट्यार'मधलीच तान आहे, फक्त पाते म्यानात आहे. म्यानात तलवारच नसती तर त्या म्यानाची पर्वा कोणी केली असती?

माझ्या धंद्यातले सांगतो. पोरांना मी पहिल्या वर्षी दाबून रेघ मारायला शिकवतो. हात कापतो, पेन्सिलीचे टोक मोडते, कागद फाटतो. ते सगळे झाल्यावर हलकी रेघ. ज्याला दाबून मारता येत नाही त्याची हलकी रेघ भित्री असते, वाटेत दोनदा थांबते. ज्याच्या मनगटात जोर आहे त्याची हलकी रेघ एका दमात कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. भावगीतप्रेमी मंडळींना ती दुसरी रेघ हवी आहे. फक्त मनगट नको आहे.

हा रोग केवळ मराठी नव्हे. म्हापशाला माझा एक भाचा गिटार बडवतो. त्याने मला रॉबर्ट प्लँट नावाच्या इंग्रज गायकाची कथा सांगितली. लेड झेपलिन या मंडळीत हा इतक्या उंच पट्टीत किंचाळायचा, की आमच्या दहीकाल्यातल्या राक्षसानेही कानावर हात ठेवावेत. १९८० साली ती मंडळी मोडली. २००७ मध्ये त्याने ॲलिसन क्राउस या गायिकेबरोबर 'रेझिंग सँड' नावाचा अल्बम काढला, अगदी मऊ, जपून पाऊल टाकणारा. २००९ ला त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. भाच्याचे मित्र म्हणू लागले, 'आता कुठे त्याला गाता येऊ लागले.' भाचा चिडला. त्याने त्यांना लेड झेपलिनची १९७० मधली तिसरी तबकडी ऐकवली. तिची दुसरी बाजू बहुतेक सगळी साध्या, विजेशिवायच्या गिटारींवरची आहे. मऊपणा सुरुवातीपासून तिथेच होता. कोणी तबकडी उलटली नव्हती. भाच्याचे गाणे मला झेपत नाही, पण त्याची चीड मला तंतोतंत कळली.

इथवर मी फार शहाणपण पाजळले. आता माझा गुन्हा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. आमच्या शाळेला संगीताचा शिक्षक नाही, त्यामुळे जे काही गाते-वाजते ते चित्रकलेच्या मास्तराच्या गळ्यात. हा मुलगा स्नेहसंमेलनात संकासूर व्हायचा. त्याने आरोळी दिली की रस्त्यावरची एस. टी. थांबल्यासारखी वाटायची. भावगीत-स्पर्धेची नावे घेत होतो तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, 'सर, मी "कुणी जाल का" म्हणतंय.' मी वर्गासमोर म्हणालो, 'अरे बाबा, तुझा आवाज ऐकून कोकिळा घाबरून पळेल!' वर्ग हसला. मीही हसलो. विनोद मला आवडला होता. त्याला पोवाडा दिला, पोवाड्याला पहिले बक्षीस मिळाले, आणि योग्य माणूस योग्य जागी बसवल्याच्या समाधानात मी घरी गेलो.

वाटणी मीही केली होती. मला एवढेही सुचले नाही, की ज्याचा गळा एवढा आहे त्याला ते गाणे का म्हणावेसे वाटले असेल.

तो आता टेंपो चालवतो. काजूच्या दिवसांत काजू, एरवी मिळेल तो माल, आणि गावच्या दशावतारात अजून राक्षस करतो. गेल्या मे महिन्यात भेडशीहून दोडामार्गला येताना त्याने मला उचलले. गाडी चालू असताना तो काहीतरी पुटपुटत होता. इंजिनाच्या धडधडीत मला नुसती चाल ओळखू आली. मी म्हटले, 'ते गाणे अजून लक्षात आहे तुझ्या?'

'हां. पण म्हणत नाय कोणासमोर,' तो म्हणाला. 'तुमीच सांगलास ना सर, माजो गळो त्या गाण्याचो न्हय.' आवाजात राग नव्हता. शाळेत पाढा म्हणावा तसा सरळ म्हणाला.

मी म्हटले, गाडी बाजूला घे. त्याने घेतली. इंजिन बंद कर म्हटले. तेही केले. दोन्ही बाजूंना काजूची झाडे, दुपारची वेळ, आणि तो समोरच्या काचेकडे पाहत गाऊ लागला. वसंतराव नव्हता तो. दोन ठिकाणी सूर उतरला. पण त्या अवाढव्य गळ्याला त्याने जे आवरून धरले होते, दार लोटून बाहेर पडू पाहणाऱ्या बैलाला दावणीने धरावे तसे, ते मला स्पष्ट ऐकू येत होते. स्टिअरिंगवरचे त्याचे हात घट्ट आवळले होते.

दुसऱ्या कडव्याला मागून आलेल्या डंपरने हॉर्न दिला, आणि आम्ही निघालो.