कुत्र्याला वाट मोकळी, माणसाला कधी?

भंडारा शहरात कुत्रा फिरवायला चांगली जागा कोणती, असा प्रश्न कोणी विचारला तर आमचे काही वाचक हसतील. आंबेडकरी दैनिकाने आरक्षण, अत्याचार, बेकारी हे विषय बाजूला ठेवून कुत्र्यांच्या फेरफटक्यावर लिहावे काय, असेही ते विचारतील. आमचे उत्तर आहे, लिहावे. कारण कुत्र्याचा पट्टा हातात धरून माणूस ज्या रस्त्यावरून जातो तो रस्ता कोणाचा, हा प्रश्न या देशात कधीच साधा नव्हता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर ठरवली आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असे फर्मान काढले. म्हणजे कुत्रा आमच्या वाट्याला धर्मशास्त्रानेच दिला. पण पुढे त्याच धर्माच्या ठेकेदारांनी कुत्र्याला गावात घेतले आणि त्याच्या मालकाला वेशीबाहेर ठेवले! महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री पाणी पीत, परधर्मीय पाणी भरत. अस्पृश्य माणसाची ओंजळ तेवढी विटाळ करी. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्याचे शुद्धीकरण करण्यात आले. कुत्रा पाणी पिऊन गेला म्हणून तळे शुद्ध केल्याचे कोणी ऐकले आहे काय? तिकडे केरळात वायकोमच्या मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून जनावरे फिरत, पण अवर्ण माणसाला पाऊल ठेवता येत नव्हते. १९२४ साली तेथे सत्याग्रह करावा लागला तो मंदिरात जाण्यासाठी नव्हे, नुसते रस्त्याने चालण्यासाठी!

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात गांधीजींची आणि बाबासाहेबांची भेट झाली. ज्या देशात आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षाही हीन वागवले जाते, प्यायला पाणी मिळत नाही, त्या देशाला मी माझी मायभूमी कशी म्हणू, असा बाबासाहेबांचा रोखठोक सवाल होता. त्या सवालातील कुत्रा आणि मांजर हे शब्द अलंकार म्हणून आलेले नव्हते. ते रोजचे वास्तव होते.

परंतु एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बाबासाहेबांचा लढा कुत्र्याविरुद्ध नव्हता. कुत्र्याला तळ्यावरून हाकला, असे महाडच्या परिषदेने म्हटले नाही. माणसाला तळ्यावर येऊ द्या, असे म्हटले. आम्ही बुद्धाच्या करुणेचे वारसदार आहोत. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठीही, उपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले. रस्त्याच्या कडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, त्याही माणूस आणि पशू या दोघांच्या उपयोगासाठी. माणसाचा हक्क आणि प्राण्यावरची दया यांत भांडण लावण्याचे उद्योग मनुवाद्यांचे आहेत, ते आमचे नव्हेत.

भारतीय संविधानाने हा प्रश्न कायमचा सोडवला आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी असलेल्या या जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रहच या शब्दांतून बोलतो आहे. पुढे १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत सजीव प्राण्यांविषयी दया बाळगण्याचे कर्तव्य घातले गेले. आधी हक्क, मग कर्तव्य. दोन्ही एकाच ग्रंथात आहेत.

भंडाऱ्याला हे सांगण्याचे विशेष कारण आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले आणि या मातीने त्यांना पराभूत केले. याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. त्या वैरामागे शेतातून जाणाऱ्या वाटेचाही वाद होता, हे विसरता येत नाही. ज्या जिल्ह्यात वाटेवरून माणसे मारली जातात, त्या जिल्ह्यात मोकळ्या जागेचा प्रश्न केवळ हौसेचा म्हणून सोडून देता येत नाही.

आता आमच्या वस्त्यांतही चित्र बदलले आहे. शिकलेली, नोकरीला लागलेली आमची मुले घरात कुत्रा पाळतात. पाळावा. ज्याच्या आजोबाला रस्त्याने ताठ मानेने चालता आले नाही, त्याचा नातू पट्टा हातात धरून खांब तलावाच्या काठाने फिरतो, यात आम्हाला आनंदच आहे. खांब तलावाचा परिसर, दसरा मैदान, कारध्याकडचा वैनगंगेचा काठ या भंडारेकरांच्या ओळखीच्या जागा आहेत. शहराबाहेर पडले की मालगुजारी तलावांच्या पाळी आहेत. झाडाची सावली आणि मऊ माती असलेली तलावाची पाळ ही कुत्र्यासाठी डांबरी रस्त्यापेक्षा केव्हाही चांगली. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा डांबर इतके तापते की कुत्र्याचे तळपाय भाजतात. आपल्या हाताची मागची बाजू काही क्षण रस्त्यावर टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्या मुक्या जिवालाही सोसत नाही. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी किंवा दिवस मावळल्यानंतरच बाहेर पडावे.

पण तलावाची पाळ कोणाच्या तरी पोटाची जागा असते, हेही ध्यानात ठेवावे. तलावात ढिवर बांधवांची जाळी असतात, शिंगाड्याचे पीक असते. पावसाळ्यात बांध्यांत पऱ्हे टाकलेले असतात, धुऱ्यांवरून रोवणीच्या बाया ये-जा करतात. तेथे कुत्रा मोकळा सोडून आपण मोबाईलवर बोलत राहणे हा कष्टकऱ्यांचा अपमान आहे. कोका अभयारण्य शहरापासून फार लांब नाही, म्हणून सुटीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन जंगलात जाण्याचा मोह कोणी करू नये. पाळीव कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात आणि रानातले रोग घरी येतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कुत्रा फिरवणारा घरी जातो. कुत्र्याने रस्त्यावर केलेली घाण कोण उचलतो? पहाटे झाडू घेऊन आलेला सफाई कामगार. आणि तो कोणत्या समाजातून येतो हे सांगायची गरज आहे काय? माणसाने माणसाची विष्ठा उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. तो कलंक अजून पुरता धुतलेला नाही आणि आता साहेबांच्या कुत्र्याची घाणही त्याच हातांनी उचलायची काय? मालकाने खिशात कागद किंवा पिशवी ठेवावी आणि आपल्या हाताने उचलावे. ज्याला आपल्या कुत्र्याची घाण उचलण्याची लाज वाटते, त्याने कुत्रा पाळू नये. हा नियम सवर्णाला जसा लागू, तसाच आमच्या साहेब झालेल्या भावालाही लागू!

दुसरा मुद्दा मोकाट कुत्र्यांचा. मोटारीत बसणाऱ्याला मोकाट कुत्रा चावत नाही. तो चावतो पहाटे सायकलवर वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराला, कामावर पायी निघालेल्या बाईला, झोपडपट्टीच्या अंगणात खेळणाऱ्या लेकराला. रेबीज एकदा लक्षणांसह उमटला की जवळपास कोणी वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो नक्की टळतो. चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये, तडक सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर सीरमही लागते. लसीचे सगळे डोस पूर्ण करावेत. बाबासाहेबांच्या अनुयायाने विज्ञानावर विश्वास ठेवायचा, गंडेदोऱ्यावर नव्हे.

मोकाट कुत्र्यांना विष घालणे हा उपाय नाही. तो गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात परत सोडण्यास सांगितले. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथील कुत्री हटवण्याचा आदेश दिला. न्यायालये आदेश देतात. पैसा, गाडी, डॉक्टर आणि माणसे कोण देणार? आदेशाचे ओझे पुन्हा त्याच सफाई कामगाराच्या डोक्यावर, हातात जाळे देऊन, विनाप्रशिक्षण आणि विनालस टाकले जाऊ नये.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नगर परिषदेने शहरात कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली एखादी जागा राखावी, तेथे पाण्याचा नळ आणि कचरापेटी ठेवावी. मात्र ती जागा मुलांच्या खेळाच्या मैदानातून किंवा गरिबांच्या वस्तीतील उरल्यासुरल्या मोकळ्या जमिनीतून कापून काढू नये. पाळीव कुत्र्यांची नोंदणी आणि लसीकरण शिबिरे वस्त्यांमध्ये घ्यावीत. कुत्रे हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला आधीच रेबीजची लस टोचावी. आणि जी बाग, जे मैदान, जो तलावकाठ जनतेच्या पैशातून सजवला जातो, तेथून मळके कपडे पाहून कोणाच्याही लेकराला हाकलू नये.

या देशात आजही घर भाड्याने देताना कुत्रा चालतो, पण आडनाव विचारले जाते. विकत घेताना कुत्र्याचीही जात पाहिली जाते; परदेशी जातीला गादी आणि गावठीला दगड! जातीचे हे विष इतके खोल मुरले आहे की त्यातून मुके जनावरही सुटलेले नाही. कुत्र्याला फिरायला चांगली जागा जरूर मिळावी. पण ज्या शहरात सर्वांत गरीब माणसाचे मूल न घाबरता, न हाकलले जाता, संध्याकाळी तलावाच्या काठी फिरू शकते, त्याच शहरात कुत्राही सुखाने फिरेल. महाडच्या तळ्याने हेच शिकवले आहे: वाट आणि पाणी सर्वांचे.