शनिवार-रविवारचा युरोप

जर्मनीत नोकरीला गेलेला मुलगा फोनवर सांगतो, "गेल्या रविवारी फ्रान्स पाहिलं, या रविवारी नेदरलँड." ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो. हा दर आठवड्याला देश ओलांडतो, कुणी अडवलं तर?

त्याचं उत्तर एका खेड्यात आहे. लक्झेंबर्ग देशात मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं द्राक्षमळ्यांचं लहानसं गाव आहे. पूल ओलांडला की जर्मनी, फ्रान्सही लागूनच. १४ जून १९८५ रोजी तिथं नदीतल्या बोटीवर पाच देशांनी करार केला: आपसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्यात २९ देश आहेत. एका देशाचा राहण्याचा परवाना असला, की बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं.

मात्र ही मुभा फिरण्यापुरतीच. तेवढ्यावर तिथं नोकरी धरता येत नाही. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ हवेत. ब्रिटन, आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत.

तेव्हा "किती उडवलेस?" असं विचारण्याआधी "कागद जवळ होते ना?" हे विचारा. आणि शेंगेनचे मळे पाहून ये म्हणावं. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस आणि आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाला तिकीटच नाही!