शाश्वत घरबांधणीत डिजिटल साधनांच्या वापराबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, भंडारा

विषय : घरकुले व सार्वजनिक इमारतींच्या बांधकामात डिजिटल साधनांचा उपयोग करण्याबाबत.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून सुरू आहे. किमान २५ चौरस मीटरच्या घरकुलाला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये अनुदान मिळते. बांधकामाचा टप्पा पूर्ण झाला की अक्षांश-रेखांशासह त्याचा फोटो ॲपवर चढतो आणि पुढचा हप्ता बँक खात्यात जमा होतो. या पद्धतीने पैशाचा हिशेब सुधारला. घर टिकाऊ होण्यासाठी मात्र तिचा उपयोग अजून करून घेतलेला नाही. आवास प्लस २०२४ या ॲपमध्ये घरांचे त्रिमितीय नमुने आहेत, पण त्या जागेवर पाणी किती चढते हे नमुन्यावरून कळत नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहर आणि नदीकाठच्या गावांना वेढा घातला. तेव्हा भिंतींवर उमटलेल्या पाण्याच्या खुणा पुढे रंगाखाली गेल्या. प्रत्येक घरकुलाचे स्थान मात्र शासनाकडे नोंदलेले असते. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या मदतीने पूररेषेचा नकाशा त्या नोंदींवर बसवावा आणि पहिल्या हप्त्यापूर्वीच जोत्याची किमान उंची लाभार्थ्याला लेखी कळवावी. सर्व मागण्यांमध्ये ही सर्वांत निकडीची आहे.

दुसरा प्रश्न साहित्याचा. मातीच्या विटेसाठी सुपीक माती खणली जाते आणि भट्टीत इंधन जळते. शेजारीच मौदा येथे २,३२० मेगावॅटचे आणि तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्यांच्या राखेपासून बनणाऱ्या विटा त्यामुळे दूरवरून आणण्याची गरज नाही. अशा केंद्रांपासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामात राखेची उत्पादने वापरावीत, असे केंद्र शासनाची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सांगते. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. राखेच्या विटा कोठे, कोणत्या दराने मिळतात आणि वाळूचा जवळचा घाट कोणता, हे तालुकानिहाय एकाच ठिकाणी मोबाइलवर दिसावे.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. कवेलूचे छत आणि मातीच्या जाड भिंती यांमुळे जुने घर उन्हाळ्यात सुसह्य राहते. पातळ भिंतींवरचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. इको-निवास संहिता २०१८ छतातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालते, पण ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. ज्या घरात पंखाही मोजून लावला जातो, ते तिच्या कक्षेबाहेर राहते. स्लॅबवर चुन्याचा पांढरा लेप, झरोक्याची जागा, राखेच्या विटेचे बांधकाम यांचे छोटे व्हिडिओ गवंड्यांसाठी स्थानिक झाडीबोलीत तयार करावेत. ते पंचायत समित्यांमार्फत पोहोचवावेत.

सार्वजनिक इमारतींबाबत मागणी वेगळी आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. अशी दुर्घटना पुन्हा घडू नये म्हणून प्रत्येक रुग्णालय, शाळा व वसतिगृहाची वायरिंग, वीजभार, अग्निशमन साधने आणि शेवटच्या तपासणीची तारीख यांची डिजिटल नोंद ठेवावी. ती नागरिकांना पाहता यावी. नवीन इमारतींचा आराखडा सुरुवातीपासूनच बिम (इमारतीचे माहितीसह संगणकीय प्रतिरूप) प्रणालीत करावा, म्हणजे पाया खणण्याआधीच ऊन, वारा, वीज आणि पाण्याचा हिशेब हाती येईल.

पुढील पावसाळ्यापूर्वी निदान नदीकाठच्या गावांतील घरकुलांची जोत्याची उंची निश्चित करून द्यावी, ही विनंती.