दाण्यांवर अडून बसलेले मांजर



मुस्लिम घरांत मांजर परके नसते. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करत असताना मांजर पाणी प्यायला आले, तेव्हा त्यांनी भांडे तिच्यापुढे कलते केले. मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे त्यांनी सुनेला समजावले. ही हदीस आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. म्हणून गल्लीतली मांजर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते आणि कोणी तिला हाकलत नाही.

पण गेल्या काही वर्षांत एक फरक पडला आहे. पूर्वीची मांजर अंगणातली होती. घरचे दोन घास खाऊन उरलेले पोट ती उंदीर, पाली, चिमण्या यांवर भरायची. आता ती तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते, खिडक्यांना जाळ्या असतात आणि वाटीत दिवसभर कोरडे दाणे भरलेले असतात. ती खाते, झोपते, तक्रार करत नाही. मग अडचण कुठे येते?

अडचण पाण्याची आहे. मांजरांचे मूळ पूर्वज वाळवंटी प्रदेशातले. त्यांना लागणारे बहुतेक पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळायचे, त्यामुळे तहान लागून वाटीकडे जाण्याची सवय मांजराला फारशी नाही. चार किलोच्या मांजराने दिवसभरात पन्नास-साठ ग्रॅम दाणे खाल्ले, तर त्यातून जेमतेम 5 मिली पाणी पोटात जाते. तेवढेच पोषण ओल्या खाद्यातून, म्हणजे साधारण तीन छोट्या पाऊचमधून दिले, तर दोनशे मिलीच्या आसपास पाणी जाते, कारण ओल्या खाद्यात 75 ते 80 टक्के पाणीच असते. दाणे खाणारी मांजर वरून पाणी पिते, पण ही कमतरता सहसा पूर्ण भरून काढत नाही. लघवी घट्ट होते आणि ज्या मांजरांना मूत्रमार्गाचा त्रास आहे त्यांचा त्रास वाढतो.

आमच्या मोहल्ल्यात एका घरी सहा वर्षांचा बोका आहे. जन्मापासून फक्त दाणे. एका रात्री तो पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला, जोर करू लागला, ओरडू लागला. घरच्यांना वाटले, पोट साफ होत नसेल. प्रत्यक्षात लघवी अडली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घालून मार्ग मोकळा केला, बोका वाचला, अल्हम्दुलिल्लाह. घरी सोडताना त्यांनी सांगितले, आता याला ओले खाद्य सुरू करा.

आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. पाऊच फोडून समोर ठेवले, बोक्याने वास घेतला, पंजाने जमीन उकरल्यासारखे केले आणि निघून गेला. घरातल्या दादीजान म्हणाल्या, "ठेवा तसेच, भूक लागली की मुकाट्याने खाईल."

हे वाक्य आपण मुलांच्या बाबतीत नेहमी वापरतो. मांजराच्या बाबतीत ते वापरू नका. मांजर हट्टाने उपाशी राहू शकते, आणि दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर शरीरातली चरबी यकृतात साठून ते निकामी होऊ लागते. लठ्ठ मांजरांना हा धोका जास्त असतो. म्हणून पहिला नियम असा, की नवीन खाद्य शिकवताना मांजर एक दिवसही पूर्ण उपाशी राहता कामा नये. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर जुने दाणे द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

दुसरे, मांजर हट्टी का होते तेही समजून घ्या. पिल्लू असताना ज्या वासाची आणि ज्या स्पर्शाची सवय लागते, तेच तिला पुढे 'अन्न' वाटते. कुरकुरीत दाण्यांवर वाढलेल्या मांजराला मऊ लगदा अन्न वाटतच नाही. यात नखरा नाही, अनोळखीपणा आहे. आम्हा शिक्षकांना बी.एड.ला एक सूत्र शिकवतात, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. ते इथे अगदी लागू पडते.

पहिल्या चार-पाच दिवसांत खाद्य बदलू नका, फक्त वेळ बदला. दिवसभर भरलेली वाटी उचला आणि तेच दाणे, तेवढेच, दिवसातून तीन वेळा ठरलेल्या वेळी द्या. अर्ध्या तासाने वाटी उचला. यामुळे जेवणाच्या वेळी खरी भूक असते.

त्यानंतर दाण्यांच्या वाटीशेजारी वेगळ्या पसरट बशीत अर्धा चमचा ओले खाद्य ठेवा. मिसळू नका. मिसळले आणि आवडले नाही, तर मांजर दाणेही सोडते. खाल्ले नाही तरी चालेल, तीन-चार दिवस फक्त वासाची ओळख होऊ द्या.

मग त्या ओल्या खाद्यावर तिच्याच दाण्यांचा चुरा भुरभुरा, वर दोन-चार अख्खे दाणे ठेवा. दाणे उचलताना जिभेला ओले लागते. एकदा चाटले की अर्धे काम झाले. त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी ओले एक चमचा वाढवा आणि त्या प्रमाणात दाणे कमी करा. यात तीन ते सहा आठवडे जातात, काही मांजरांना त्याहून जास्त. ओले अर्ध्यावर येऊन थांबले, तरी पोटात जाणारे पाणी वाढलेलेच असते, नाराज होऊ नका.

काही बारकावे ध्यानात ठेवा. फ्रिजमधले गार खाद्य मांजर सहसा नाकारते. पाऊच कोमट पाण्यात ठेवून, तान्ह्या बाळाचे दूध जसे मनगटावर थेंब टाकून पाहतो, तसे पाहून द्या. पदार्थ गोड असला काय नि नसला काय, मांजराला गोडी कळतच नाही. तिचे सगळे नाकावर चालते आणि कोमट अन्नाला वास जास्त येतो. ग्रेव्हीचे तुकडे, जेली, मऊ लगदा असे प्रकार मिळतात, एकदम डझन न घेता प्रत्येकाचा एकेक पाऊच घेऊन पाहा. औषधाची गोळी नव्या खाद्यात लपवू नका, एकदा कडू लागले की ते खाद्य कायमचे बाद. तोंडात बळेच कोंबू नका. आठवड्यातून एकदा मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग स्वतःचे वजन वजा करा. वजन घटत असेल तर थांबा. रमजानमध्ये घराच्या वेळा बदलतात, पाहुणे येतात, म्हणून हा बदल ईदनंतर सुरू केलेला बरा.

त्या बोक्याला पाच आठवडे लागले. दाण्यांच्या चुऱ्यानेच काम केले.

घरचे काय चालेल, हेही विचारले जाते. बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा बांगडा, हाड आणि काटा काढून, त्याचे कोमट पाणी ओल्या खाद्यावर चमचाभर घाला. पण सालन किंवा बिर्याणीतले मांस नको, कांदा-लसूण मांजराचे रक्त बिघडवतो. शिजलेली हाडे आणि खारवलेली सुकी मासळीही नको. नुसत्या चिकनवरही तिला ठेवता येत नाही, त्यात कॅल्शियम आणि इतर गरजेचे घटक पुरेसे नसतात. पाऊच घेताना तो मोठ्या मांजरासाठी 'संपूर्ण आहार' आहे असे लिहिलेले पाहा. नळीतून चाटायला मिळते ते फक्त खाऊ असते.

काही डब्यांवर 'मांस व प्राणिजन्य पदार्थ' एवढेच मोघम लिहिलेले असते. घरात काय आणतो याची काळजी असलेल्यांनी चिकन किंवा टूना असे स्पष्ट लिहिलेले घ्यावे, आणि मसल्याबाबत आपल्या आलिमांना विचारावे.

ओले खाद्य आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासाहून जास्त उघडे ठेवू नका. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

आणि सर्व काही खाणारी मांजर अचानक तोंड फिरवू लागली, तर प्रयोग करू नका. दात, मूत्रपिंड, पोट आधी तपासून घ्या. बोका ट्रेमध्ये बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.

बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत त्या स्त्रीची हदीस आहे, जिने मांजर कोंडून ठेवली, खाऊ घातले नाही आणि स्वतः शोधून खायला सोडलेही नाही. या कृत्यासाठी तिला अजाब झाला. आपली फ्लॅटमधली मांजर बाहेर जाऊन काही शोधू शकत नाही. जाळ्या आपण लावल्या आहेत, त्या तिच्या भल्यासाठीच आहेत. मग तिच्या पोटात काय जाते, किती पाणी जाते, याचा हिशेबही आपल्याच जिम्म्यात येतो. अल्लाह आपल्याला ही अमानत नीट सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.