ऊब ट्रेबल मारून येत नाही

ब्लूजचा वॉर्म टोन हवा ना? मग ट्रेबल उतरव, बेस चढव, गेन थोडा वाढव आणि जमेल तेव्हा ट्यूबचा अॅम्प घे. गिटार शिकणाऱ्याला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. माझा त्याला सपशेल विरोध आहे, कारण तो पाळणारे उत्तम हात मंचावर ऐकूच येत नाहीत.

आधी बेस. गिटारची सर्वात जाड तार मोकळी छेडली की ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते; बेस गिटारची एक सप्तक खाली, ४१ला. बेसचं बटण चढवून आपण बेसवाल्याच्या आणि किक ड्रमच्या जागेत घुसतो, आणि तिथे आपला निभाव लागत नाही. घरी मात्र तोच टोन भरदार वाटतो. आवाज लहान असला की कानाला खर्जाचा भाग कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय. खोलीत ठरवलेला बेस मंचावर घुमतो तो त्यामुळेच.

ट्रेबल मारणं त्याहून घातक. बी. बी. किंगचं ‘लाइव्ह अॅट द रीगल’ ऐका. नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात ते ध्वनिमुद्रित झालं. गिटार गोल आहे, पण बोथट नाही. प्रत्येक स्वराचं तोंड स्वच्छ उघडतं, म्हणूनच गायलेल्या ओळीला तिने दिलेलं उत्तर सॅक्सोफोनच्या भरीतूनही थेट पोचतं.

ट्यूबवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पॉवर ट्यूबवर जोर पडला की स्वराची धार आपसूक मवाळते. जॉन मेयॉलच्या १९६६च्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ अल्बमवर एरिक क्लॅप्टनने लेस पॉल आणि मार्शलमधून काढलेला आवाज चढवलेल्या अॅम्पचाच आहे. पण ८५ वॉटचा ट्विन रिव्हर्ब छोट्या हॉलमध्ये तिथवर कोण नेऊ देईल? तिथे २२ वॉटचा डीलक्स रिव्हर्ब घ्यावा. आणि ट्यूबशिवाय ऊब नाहीच म्हणणाऱ्यांना माझा सरळ सवाल आहे: खुद्द बी. बी. किंग कित्येक वर्षं लॅब सीरिज एल५ हा ट्रान्झिस्टरचा अॅम्प वाजवत होता, त्याचं काय?

राहिला गेन. तो वाढला की हळू आणि जोरात छेडलेल्या स्वरांतला फरक पुसला जातो, आणि ब्लूज तर त्या फरकावरच उभा आहे. स्टीव्ही रे वॉन ट्यूब स्क्रीमर वापरायचा तो ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवून.

माझ्या मते ऊब राहते मधल्या पट्टीत. फेंडरच्या जुन्या सर्किटमध्ये बेस आणि ट्रेबल दोन्ही चढवले की मधला भाग खचतो; म्हणून मिडलचं बटण नसेल तर ते दोन्ही उतरवा, मधला भाग आपोआप वर येतो. ट्रेबल ठरवताना अॅम्पसमोर वाकून कान स्पीकरच्या उंचीला आणा. तीव्र स्वर स्पीकरमधून झोतासारखे सरळ जातात. जमिनीवरचा अॅम्प ते तुमच्या पोटऱ्यांवर मारतो, आणि तुम्हाला मऊ वाटणारा टोन पहिल्या रांगेला टोचतो. माइक लावला असेल तर तो कोनच्या मध्यापासून कडेकडे थोडा सरकवून बघा, कर्कशपणा तिथेच निम्मा सुटतो.

गिटारचं व्हॉल्यूम सातवर ठेवून अॅम्प लावा. साथीला तेवढंच पुरतं, थोडी धारही उतरते. सोलोला दहावर न्या, पेडलला पाय लावावा लागत नाही. पण हे सगळं एकट्याने नको. साउंडचेकला ड्रमर आणि बेसवाल्याला एक संथ शफल वाजवत ठेवायला सांगा, तो चालू असतानाच बटणांना हात घाला. तरीही आवाज पातळ वाटला, तर बेस चढवण्याआधी पिक ब्रिजपासून दूर, नेककडे नेऊन तोच स्वर पुन्हा छेडा.