अंजिराची पेटी

गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता मी अण्णाकाकांना सांगितलं, की आमच्याकडे अंजीर लावताना खड्ड्यात चारी बाजूंनी फरश्या उभ्या करतात, म्हणजे मुळं पसरत नाहीत. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "अगं, झाड लावतेस की पुरतेस?"

काकांची सासवडजवळ अंजिराची बाग आहे, त्यामुळे त्यांच्याशी या विषयावर वाद घालणं म्हणजे अगोचरपणाच. पण माझं म्हणणं त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतातच, म्हणून सविस्तर लिहिते. काका, चिडू नका, शेवटपर्यंत वाचा.

आम्ही राहतो इंग्लंडात, रेडिंगला. २०१२ साली हे घर घेतलं तेव्हा पहिलं काम काय केलं असेन, तर मागच्या दक्षिणेकडच्या भिंतीशी 'ब्राऊन टर्की' जातीचं अंजीर लावलं. पुरंदरची मुलगी मी, अंजिराशिवाय घर कसलं? भलामोठा खड्डा घेतला, दोन पोती शेणखत ओतलं, वर्षभर स्वयंपाकघरातलं सालपट-बिलपट सगळं बुंध्याशी. झाडाने माया मानली की! एका उन्हाळ्यात दोन-दोन मीटर फांद्या, सुपासारखी पानं. शेजारची आजी कुंपणावरून बघून "लव्हली, लव्हली" म्हणायची. फळं मात्र नाहीत. म्हणजे यायची, ऑक्टोबरात हिरवी, दगडासारखी टणक लटकत राहायची आणि थंडीत गळायची. सात वर्षं हेच. २०१८ मध्ये आई येऊन तीन महिने राहिली, तिला एकसुद्धा अंजीर खाऊ घालता आलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन ती झाडाखाली जाऊन बघून यायची. बोलायची काही नाही. एकदा फक्त म्हणाली, "हे उंबराच्या कुळातलं, भिंतीला खेटून बरं नव्हे." तेही खरंच होतं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, सगळी भावकी एकच. आमची जमीन चिकणमातीची, उन्हाळ्यात आक्रसणारी, त्यात मुळं घराच्या पायाकडे निघालेली. २०१९ मध्ये झाड काढावं लागलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला होता.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. इथे अंजीर पिकण्याची रीतच वेगळी आहे. उन्हाळ्याच्या शेवटी फांदीच्या टोकाशी वाटाण्याएवढी बारीक फळं धरतात. ती हिवाळा तशीच काढतात, वसंतात वाढायला लागतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. म्हणजे फळाला जवळजवळ एक वर्ष लागतं. त्याच उन्हाळ्यात जी फळं मोठी होतात ती पिकायच्या आत ऊन संपतं, म्हणून ती शरदात तोडून टाकायची. (हे पहिल्यांदा करताना माझा हात धजेना.) आता ती वाटाणे-फळं हिवाळ्यात जगायची तर फांदीचं टोक जून, घट्ट झालेलं हवं. माझ्या झाडाच्या फांद्या ऑक्टोबरपर्यंत वाढतच होत्या. लुसलुशीत टोकं पहिल्या कडक थंडीत काळी पडायची आणि फळंही त्यांच्याबरोबर जायची. मी घातलेलं खत फक्त पानांना पोचलं.

म्हणून ही पेटी. साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा. चारी बाजूंना काँक्रीटच्या फरश्या उभ्या, त्यांच्या कडा मातीच्या वर दोन-तीन सेंटिमीटर, नाहीतर मुळं वरून उडी मारतात. तळाला फरशी नाही, तिथे विटांचे तुकडे आणि रोडा वीतभर जाडीचा ठासून, म्हणजे पाण्याचा निचरा होतो पण मूळ सरळ खाली घुसत नाही. वर साधी माती. मुळांना जागा कमी, म्हणून पाणी आणि नत्र कमी, म्हणून फांद्या आखूड, पेरं जवळजवळ. फांद्या आखूड म्हणून ऊन आतपर्यंत, आणि लाकूड थंडीआधी जून होतं. यात दुष्टपणा कुठे आहे?

आणि काका, तुम्ही तरी वेगळं काय करता? बहार धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देता, छाटणी करता. तुमच्या माळावर मुरमाड हलकी जमीन आहे, कोरडी हवा आहे, ऊन तर रग्गड. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगीच नाही. तुमच्याकडे जे काम जमीन आणि पाण्याचं वेळापत्रक करतं, ते इथे फरशीला करावं लागतं. इथे बारा महिने पाऊस भुरभुरत असतो, आकाशाचं पाणी तोडणार कसं?

पण इथली काही बागवाली मंडळी प्रत्येक अंजिराला पेटी हवीच म्हणतात, तेही मला पटत नाही. शेफील्डला डॉन नदीच्या काठी अंजिराची रानटी झाडं आहेत. सांडपाण्यातून बिया आल्या आणि पोलादाच्या कारखान्यांनी थंडाव्यासाठी वापरलेलं पाणी कोमट होऊन नदीत परत यायचं, त्या ऊबेत रुजल्या. त्यांना कोण फरश्या लावायला गेलं होतं? लंडनच्या लॅम्बेथ पॅलेसमधलं अंजीर तर सोळाव्या शतकातल्या कार्डिनल पोलने लावलेलं म्हणून सांगतात. जागा मोठी असेल, जमीन निकस, खडकाळ असेल तर खुशाल मोकळं सोडा. हातभर परसात, कसदार मातीत, घराला लागून लावायचं असेल तर मात्र पेटी हवी.

तिची एक किंमत आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. मुळं कोंडली की झाडाची तहान पूर्ण तुमच्यावर. दुसरं झाड मी २०२० मध्ये पेटीत लावलं. २०२२ च्या जुलैत इंग्लंडात पहिल्यांदा पारा चाळीसच्या वर गेला, आणि आम्ही नेमके त्यानंतर दहा दिवस वेल्सला फिरायला गेलो. शेजाऱ्यांना सांगायचं राहून गेलं. परत आलो तर पानं पिवळी आणि पिकत आलेली अकरा फळं खाली. अकराच्या अकरा. जुनं झाड असतं तर त्याने कुठून तरी पाणी ओढून आणलं असतं. याला मीच जायबंदी केलं होतं आणि मीच सोडून गेले होते. काकांचा तो "पुरतेस" शब्द तिथे लागू पडतो, एवढं कबूल.

आता उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दोन बादल्या, फळ भरायला लागलं की आठवड्यातून एकदा टोमॅटोचं पातळ खत. कुठे जायचं असेल तर शेजारच्या आजींच्या नातवाला पाच पाउंड.

२०२३ ला पहिली नऊ फळं खाल्ली. सासवडच्या फळाची गोडी नाही, खोटं कशाला सांगू. सध्या जून चालू आहे, कोवळ्या फांद्या पाचव्या पानावर खुडून झाल्यात, झाडावर चाळीसेक फळं आहेत. आईचं तिकीट वीस ऑगस्टचं काढलंय.