काळे म्हणजे उणे काय?

बिदरच्या कारागिराला काळा रंग फुकट मिळत नाही. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूची वस्तू ओतायची, तिच्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून चोळायची. तेव्हा धातू काळाभोर होतो व चांदीला तेज चढते. ज्या गावाची कीर्ती या काळ्या रंगावर उभी, त्या गावातही मुलीचा सावळा रंग लग्नाच्या बाजारात उणा ठरावा, ही विसंगती आम्हांला लाजिरवाणी वाटते.

याच लाजेवर मोठा व्यापार चालतो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. सावळी मुलगी, हुकलेले स्थळ किंवा नोकरी, मग मलम आणि यश, असा तिच्या कित्येक जाहिरातींचा साचा होता. टीका वाढली, तेव्हा २०२० साली तिचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. 'गोरेपणा' गेला, 'निखार' आला. परंतु भय तेच राहिले. वास्तविक त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरणांना अडवते. तुरीच्या रानात दिवसभर खुरपणाऱ्या बाईचे ते कवच होय. त्या कवचालाच दोष म्हणायचे आणि दोष घालवण्याचे मलम तिलाच विकायचे, याला धंदा म्हणावे की लबाडी?

याहून घातक आहेत ती स्टेरॉइडयुक्त मलमे. प्रारंभी चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली आणि मुरुमे येतात, वापर थांबवताच त्रास उसळतो. २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. ती अट दुकानाच्या फळीवर पाळली जाते की नाही, हे पाहणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, ही ज्याची त्याची आवड. मुलगी पाहायला आलेल्यांची नजर प्रथम रंगावर जात असेल, तर त्या मुलीच्या आवडीला अर्थ काय उरला? भालकी-औरादकडची माणसे पंढरीच्या सावळ्या विठ्ठलापुढे डोळे भरून उभी राहतात आणि घरी परतून सून मात्र गोरी शोधतात! कंपन्यांना आम्ही जाब विचारूच. पण स्थळांच्या जाहिरातीतला 'गोरी' हा शब्द कोणत्याही कंपनीने लिहिलेला नाही. तो आपणच लिहितो. तो आधी खोडावा.